जात्यात मूठभर ज्वारी

साल दोन हजार तेवीस. मला एकाहत्तर पुरी झालेली, अन् तू माझ्याहून पाच वर्षांनी थोरली. तरी नांदेडच्या त्या उताराच्या गल्लीत, घर बघायला, पुढं तूच चालली होतीस. दलाल मागून ओरडून राहिला, "आजी, हळू. पाय घसरंल." तू थांबली नाहीस. गल्ली संपते तिथं दगडी पायऱ्या अन् खाली गंगा. कागदावर गोदावरी, आपल्या तोंडात गंगाच. तू आधी पाणी बघितलंस, मग घर. मी आधी घर बघितलं, अन् घराच्या भिंतीवरची रेघ. छातीएवढ्या उंचीवर पिवळट पट्टा, वर चुना मारला तरी दिसणारा. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले की पाणी तिथवर येतं.

"आक्का, घर स्वस्त हाय ते ह्याच्यामुळं," मी म्हणालो.

"वर्षातून एकदा नदी घरी आली तर काय बिघडलं? लातूरला टँकर येतो, त्यो तरी कुठं रोज येतो?"

दलाल हसला. मी हसलो नाही. जन्मात पहिल्यांदा स्वतःचं घर घेत होतो. लोह्यात चाळीस वर्षं गिरणी चालवली ती किरायाच्या जागेत, अन् गिरणीमागच्या खोलीत राहिलो तीही किरायाची. माझी बायको त्याच खोलीत गेली. मग लोकांनी घरोघरी दळायच्या घरघंट्या घेतल्या, दुकानात पिठाच्या पिशव्या आल्या, अन् गिरणीचा पट्टा एकदा उतरवला तो परत चढवला नाही. तू तिकडं लातूरला दत्ताकडं, तिसऱ्या मजल्यावर. लेक चांगला, सून चांगली, पण खिडकीतून समोरच्या बिल्डिंगीची संडासाची नळी दिसते म्हणून तू फोनवर रडलीस. "किसन, मला पाण्याजवळ मरायचं हाय," म्हणालीस. मी म्हणालो, "मर की. पण आधी घर घेऊ."

आज तू जाऊन पंधरवडा होऊन गेला. हे मी स्वतः लिहितोय. दत्ता म्हणाला, "मामा, तुम्ही सांगा, मी मोबाईलवर टाईप करतो." मी म्हणालो, माझ्या बहिणीशी बोलायला मला मधी माणूस नको. तिसरीपर्यंत शिकलोय. मास्तरनं विनाकारण मारलं म्हणून शाळा सोडली अन् परत गेलो नाही, हे तुला माहीतच आहे. अक्षर वाकडं असलं तरी माझं आहे.

तुला एक सांगायचं राहिलं. म्हणजे एक विचारायचं राहिलं अन् एक सांगायचं राहिलं. जात्याचं.

ते जातं घरासोबतच आलं. मधल्या खोलीत, जमिनीत बसवलेलं, भोवतीनं मातीचं पाळं बांधलेलं, लाकडी खुंटा हातांनी घासून काचेसारखा झालेला. घर विकणारा माणूस निजामाबादेत नोकरीला, मूळ देगलूरकडचा. रजिस्ट्री दोघांच्या नावावर झाली अन् त्यानं किल्ली दिली ती गल्लीत उभं राहून. मी म्हणालो, "आत या की, पाणी घ्या." तो उंबऱ्याच्या आत आला नाही. एवढंच म्हणाला, "आईचं जातं आहे. तेवढं राहू द्या, काका." मला राग आला. घर माझं झालं, आता त्यात काय राहील अन् काय जाईल ते हा कोण सांगणार? तू मात्र म्हणालीस, "राहील बाबा. जा तू."

पहिल्या आठवड्यात एका सकाळी तू माझ्यावर तापलीस. चहाचा कप समोर आदळलास.

"किसन, रिकामं जातं फिरवत जाऊ नको. चांगलं नसतं. ल्हान हायेस का आता?"

मला काही कळलंच नाही. मी जात्याला हातसुद्धा लावला नव्हता. पण तू सकाळी-सकाळी धाकट्या भावाला बोलतात तसं बोललीस, तेही माझ्या घरात, अन् माझं डोकं फिरलं. "फिरवीन न्हाईतर डोक्यावर घेऊन नाचंन. माझं घर हाय."

तू बघत राहिलीस. मग म्हणालीस, "नाच."

आक्का, त्याच वेळी मी "मी न्हाई फिरवलं" एवढं म्हणालो असतो, तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं का? मला नाही वाटत. तू ते खरं मानलं नसतंस. पण मी म्हणालो नाही हे खरं. माझे कान गिरणीनं खाल्ले. पट्ट्याच्या आवाजात चाळीस वर्षं उभं राहिल्यावर माणसाला ओरडून बोललेलं तेवढं ऐकू येतं. पहाटेची घरघर तुला ऐकू यायची, मला नाही. तू समजलीस मीच फिरवतो. सवय गेली नाही म्हाताऱ्याची, असं समजलीस असशील.

मग शेजारची रझिया भाभी आली. तिनं खिमा-पावची प्लेट झाकून आणली अन् तू म्हणालीस आम्ही खात नाही, तर ती म्हणाली, "मालूम है. भाई खाते होंगे." मी खाल्ला. तू महिनाभर मला त्याच्यावरून बोललीस. पण त्याच दिवशी भाभी जात्याकडं बघून म्हणाली, "नरसाबाई की चक्की है ये. इसकू भुकी नक्को रखो, बहन."

नरसाबाई म्हणजे विकणाऱ्याची आई. भाभीनं सांगितलं ते असं, की ह्या गल्लीत तिच्याएवढं बारीक पीठ कुणाचं नव्हतं. गिरण्या आल्या, तरी पुरणपोळीचं पीठ लोक तिच्याकडून दळून न्यायचे. लेक परगावी, ही एकटी. एका सकाळी भाभी दूध द्यायला आली, तर नरसाबाई जात्यापाशी बसलेली, खुंट्यावर हात, पाळ्यात पीठ, अन् जीव गेलेला. लेक आला, सगळं केलं, अन् त्यानंतर ह्या घरात झोपला नाही.

मी म्हणालो, "म्हणून तर स्वस्त मिळालं."

तू म्हणालीस, "किती एकटी व्हती बिचारी."

त्या संध्याकाळपासून दिवा लावला की तू जात्याच्या तोंडात मूठभर ज्वारी टाकायला लागलीस. मी चिडवायचो. "आक्का, जात्याला जेवण, अन् मला मेथीची भाजी दुसऱ्यांदा?" सकाळी पाळ्यात मूठभर पीठ. ते तू वाटीत भरायचीस अन् आपण दोघं पायऱ्या उतरून जायचो. तू वाकून पीठ पाण्यावर सोडायचीस, मासे वर यायचे, लहान लहान तोंडं उघडायचे. ते पीठ आपण कधी खाल्लं नाही. तू म्हणायचीस, "ते आपलं न्हाई." मी पाठीमागं उभा राहायचो, काठी धरून, तू घसरशील म्हणून. तू कधी घसरली नाहीस. मीच एकदा घसरलो अन् तू मला धरलंस, अन् सगळ्या गल्लीला सांगत फिरलीस.

गिरणीवाल्याची खोड असते, पीठ दिसलं की चिमूट घ्यायची अन् अंगठ्यानं बोटावर घासायची. त्यावरून कळतं, दगडाला छिन्नीनं टाकी कधी लावली होती, वरून दाणा किती सोडला. मी त्या वाटीतलं पीठ एकदा घासून बघितलं. मऊ. लोण्यासारखं. ह्या जात्याला वर्षानुवर्षं टाकी लागलेली नाही हे दगड बघून कुणीही सांगेल. असल्या दगडातून असलं पीठ निघत नाही. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. पण मी तुला म्हणालो, "आक्का, म्हातारपणी हात सुधारला तुझा. पयलं तर खडे दळायचीस."

तू हसलीस. तुला वाटलं तुझं नाव पुढं करून मी माझीच स्तुती करून राहिलो.

खडे म्हणालो त्याला कारण होतं. आई गेली तेव्हा तू बारा वर्षांची होतीस. पहाटे दळायला बसायचीस अन् मग रोजानं निंदायला जायचीस. घाई असायची, म्हणून मोठी मूठ टाकायचीस, अन् मोठ्या मुठीचं पीठ भरडच पडणार. मी तिथंच जात्याजवळ जमिनीला कान लावून निजायचो. जमीन घरघरायची अन् मला झोप लागायची. तुझी भाकर कडेनं फुटायची. दाताखाली अर्धा दाणा यायचा. मी ताट ढकलून रडायचो अन् म्हणायचो, "मी मोठा झालो की गिरणी घालीन. सगळ्या गावाला बारीक पीठ देईन." तू म्हणायचीस, "घाल. तवर हे खा." मी गिरणी घातली. लोह्यात माझ्या पिठाचं नाव होतं. तू लातूरहून यायचीस अन् माझ्याकडचं पीठ डब्यात भरून न्यायचीस, अन् एकदाही म्हणाली नाहीस की चांगलं आहे. मी वाट बघायचो. ते तुझं सांगायचं राहिलं, ते मी आता सोडून देतो.

मग तुला ताप आला. डॉक्टर म्हणाले, वय झालं, छातीत कफ आहे, दवाखान्यात ठेवा. तू म्हणालीस, नदीजवळ ठेवा. मी तुझी बाज खिडकीशी लावली. तू उठून मोरीपर्यंतसुद्धा जाऊ शकत नव्हतीस, मी अन् भाभी धरून न्यायचो. अन् तरी रोज संध्याकाळी विचारायचीस, "मूठ टाकलीस का?" तुझं तोंड बंद व्हावं म्हणून मी टाकायचो. अन् सकाळी पाळ्यात पीठ.

पहिल्या दिवशी मी बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी बघितलं, अन् असा संताप आला, की वाटी घेऊन तुझ्या बाजेपाशी आलो.

"मरायचंय का तुला? उठवत न्हाई अन् जात्यावर बसतीस?"

तू माझ्याकडं बघितलंस. तापानं डोळे लाल. "मी?" म्हणालीस. "मी कवा बसले? तू दळतोस न्हवं?"

"मी कशाला दळू?"

"मी रोज ऐकते की. पहाटं. घरघर." तू थांबून थांबून बोलत होतीस, मी कान तुझ्या तोंडापाशी नेला. "मला वाटायचं, गिरणी गेली, हात शिवशिवतात तुझं. लपून करतोस, सांगायची लाज वाटते. म्हणून मी इचारलं न्हाई. पीठ कसलं बारीक. म्हणलं गिरणीवाल्याचा हात."

अन् मी वाटी हातात धरून उभा. मला वाटत होतं तू दळतेस, तुला वाटत होतं मी दळतो. रोज आपण दोघं ते पीठ घेऊन नदीला जात होतो. दोघंही एकमेकाला लाजवायचं नाही म्हणून गप्प.

खिडकीबाहेर कुणीतरी कपडे आपटत होतं.

तुझ्या चेहऱ्यावर भीती येईल म्हणून मी बघत होतो. आली नाही. तू हात पुढं केलास, वाटीत बोट बुडवलंस, अन् म्हणालीस, "मग लई बारीक दळते ती बाई. माझ्यानं येवढं कधी झालं न्हाई."

आक्का, भ्यालो ते मी. हे मी कुणाला सांगितलं नाही अन् सांगणारही नाही, तुलाच सांगतो. त्याच दिवशी मी माधव गवंड्याकडं गेलो अन् म्हणालो, पहार घेऊन ये, जातं उपटायचं अन् तिथं फरशी बसवायची. माधव म्हणाला सोमवारी येतो. घरी येऊन तुला सांगितलं. तू उठून बसलीस, कशी बसलीस देवाला ठाऊक.

"तू उपटणार न्हाईस."

"माझं घर हाय."

"अर्धं माझं हाय. माझ्या अर्ध्यात जातं हाय."

"उपटणार."

"तिची तेवढीच जागा हाय रे, किसन. आपल्याला घर हाय. तिला जागा."

मी म्हणालो, "मेलेल्या माणसाला जागा लागत न्हाई." तू पडून राहिलीस, भिंतीकडं तोंड करून, त्या पिवळ्या रेघेकडं. मी बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसलो. नंतर तू माझ्याशी बोललीस, पाणी मागितलंस, भाभीची चेष्टा केलीस, पण जात्याचं बोलली नाहीस अन् मीही नाही. सोमवार यायच्या आत तू गेलीस. सकाळचं ऊन बाजेवर आलं होतं. मी चहा घेऊन आलो तर तुझं तोंड नदीकडं.

मला विचारायचं होतं ते हे, की तुला भीती का नाही वाटली?

दत्ता आला, सून आली, लातूरची माणसं आली. घाटावर सगळं झालं. तुझी बाज होती त्या जागेवर पीठ पसरून दिवा ठेवायचा, वर टोपलं झाकायचं, अन् सकाळी बघायचं पिठावर काय उमटलं. पाऊल की पाखराचा पंजा की काय. माणूस पुढं कुठं गेलं ते त्यावरून समजतं. सुनेनं दुकानातून पिठाची पिशवी आणली. मी बघितलं अन् माझं डोकं फिरलं. गिरणीवाल्याची बहीण, अन् तिला पिशवीतलं पीठ!

"मामा, सगळे हेच वापरतात आता," सून म्हणाली.

सकाळी टोपलं उचललं. पीठ जसंच्या तसं. एक रेघसुद्धा नाही. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एक म्हणाली, मुक्ती मिळाली, म्हणून काही उमटलं नाही. दत्ता हिरमुसला. मी म्हणालो, "ज्या पिठाला माणसाचा हात लागला न्हाई, त्याच्यावर माझी बहीण पाय कशाला ठेवंल?" म्हातारा भ्रमला असं सगळ्यांना वाटलं असेल.

तेरावं झालं. दत्ता माझ्यासमोर बसला. "मामा, एकटं राहू नका इथं. पावसाळ्यात पाणी आलं तर कोण उचलणार तुम्हाला? आईच्या अर्ध्याचं मी काही म्हणत नाही. पण एक गिऱ्हाईक आहे. देऊन टाकू. तुम्ही लातूरला चला, मुलांना आजोबा होतील." पोरगं खोटं बोलत नव्हतं. तुझंच पोरगं. माधव गवंडीही दारात आला होता, सुतक फिटल्यावर विचारायला, की जातं उपटायचं का. गिऱ्हाईकाला सपाट जमीन पाहिजे, दत्ता म्हणाला.

मी दोघांनाही म्हणालो, "सकाळी सांगतो." दत्ता बसस्टँडजवळ मित्राकडं मुक्कामाला गेला. माधव पहार माझ्या दारातच ठेवून गेला.

खरं सांगू का आक्का, मी जायचंच ठरवलं होतं. तुझ्याशिवाय त्या घरात माझं काय होतं? नदी तुझी होती. जातं तिचं होतं. माझी फक्त किल्ली.

दिवा लावला. पीठ नको होतं मला, मासे नको होते. पण तू विचारशील असं वाटलं, मूठ टाकलीस का. डब्यातून ज्वारी काढली अन् जात्याच्या तोंडात टाकली. अन् माझी चटई तिथंच, जात्याशेजारी जमिनीवर टाकली. का ते मला माहीत नाही. लहानपणी टाकायचो तशी.

पहाटे जाग आली ती आवाजानं नाही. असले आवाज मला येत नाहीत. जमीन थरथरत होती. गालाखाली, तळहाताखाली, बारीक, एकसारखी. मी चाळीस वर्षं त्या थरथरीवर उभा होतो, मला ती चुकणार नाही. मी डोळे उघडले नाहीत. भीती वाटली म्हणून नाही. उघडले तर थांबेल म्हणून. मी पडून राहिलो. थरथर घाईघाईची होती. जरा थांबायची, परत सुरू. थकलेल्या माणसासारखी. निंदायला जायचं असतं तशी. अन् आक्का, मला झोप लागली.

उजाडल्यावर उठलो. पाळ्यात पीठ होतं. चिमूट घेतली, अंगठ्यानं बोटावर घासली.

भरड. अर्धे दाणे.

मी तिथंच बसलो. नरसाबाई उठली असेल तिथून. तुला बसायला जागा दिली असेल. किंवा तू माझ्याहून हट्टी, मागून घेतली असशील. तिची तेवढीच जागा, म्हणाली होतीस. तू स्वतःसाठी भांडत होतीस का, हे मला तेव्हा कळलं नाही.

मग मी पीठ गोळा केलं, सगळं, पाळ्याच्या कडेचंसुद्धा बोटानं. पायऱ्या उतरून नदीला गेलो नाही. चूल पेटवली, पाणी कढत केलं, पीठ मळलं. एवढ्याशा पिठाची एकच भाकर झाली, तीही छोटी. थापताना कडेनं फुटली. तव्यावर टाकली. दारात माधव आला, पहार उचलत म्हणाला, "काय ठरलं काका?" मागून दत्ताही उतरत होता, बॅग घेऊन.

"बस," मी म्हणालो. "मला जेवू दे."

भाकर ताटात घेतली, मिरचीचा ठेचा घेतला, अन् जात्याला पाठ टेकून बसलो. दाताखाली दाणा आला. मी ताट ढकललं नाही.